पाटाच्या मापाची खुर्ची

आई लठ्ठ होती. आमच्या घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नाही, म्हणून मी ते सुरुवातीलाच लिहून टाकते. लालबागच्या आमच्या चाळीत तिला कुणी अंगाने भरलेली म्हणायचं, कुणी भारदस्त म्हणायचं, आणि आजी होती तोवर 'माझ्या सुनेला दृष्ट लावू नका' एवढ्यावर विषय मिटायचा. तिचं वजन कधी कुणी केलं नाही. नवं पोलकं शिवायचं झालं तर शिंप्याकडे जुनं, मापाचं पोलकं जायचं. आई जायची नाही. आईला स्वतःला आपल्या अंगाचं काही वाटत नव्हतं. ती हसून म्हणायची, "माज्या सावलेत दोघांका बसाक मिळात." वाटायचं ते बाबांना. ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, अंगाने अगदी काडी, आणि बायकोच्या देहाबद्दल चारचौघांत एक शब्द निघाला की त्यांचा चेहरा पडायचा.

आई खाणावळ चालवायची. बायकापोरं कोकणात ठेवून गिरणीत लागलेले आमच्याकडचे बाप्ये दोन्ही वेळा आमच्या खोलीत पंगतीने जेवायचे. एक पंगत उठली की दुसरी बसायची. या सगळ्यात आई उठायची नाही. शेगडीपुढे तिचा पाट होता आणि पाटावर ती होती. हाताशी पीठ, हाताशी मिठाचं मडकं, हाताशी कालवणाचं भांडं. तो पाट तिच्या वडिलांनी तिच्या लग्नात घरच्या फणसाचा करून दिलेला, कोपऱ्यांना पितळी फुल्या मारलेला, घरातल्या बाकीच्या पाटांहून चांगला रुंद. त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. एक गुडघा उभा आणि एक मांडी मोडलेली अशी ती बसायची, आणि पाट तिच्याखाली दिसेनासा व्हायचा. पाटाला हात नसतात. माणूस चारी बाजूंनी त्याच्याबाहेर गेलं तरी तो काही म्हणत नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या वर्षांत आई पडली. नळाची वेळ होती, गॅलरीत पाणी सांडलेलं होतं, तिच्या हातात भरलेला हंडा होता. पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला परळच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं तर दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायला हवं होतं, आणि उतरवायला आले ते तिच्याच खाणावळीतले गडी. चौघांनी तिला चादरीत घेतलं. जिन्याच्या वळणावर ते अडकले, धापा टाकायला लागले, कुणीतरी "जरा रव, हात सुटता माजो," असं ओरडलं, आणि एकजण, त्याच्या मनात काही वाईट नसेल, म्हणाला, "मावशेन आमका खिलवल्यान तां ह्याच्यासाठीच." बाकीचे हसले. वेदनेने डोळे मिटून घेतलेली आईही त्या हसण्याने डोळे उघडून वर बघायला लागली. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

इस्पितळात पायाला वजनं बांधून तिला बरेच आठवडे निजवलं. हाड जुळलं नाही. वय होतं, वजन होतं, आणि रक्तात साखर निघाली होती. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता चालणं विसरा, चाकांची खुर्ची घ्या. इस्पितळातल्या खुर्चीत तिला एकदा बसवून पाहिलं होतं, पण ती अर्धीच बसली, म्हणून पुन्हा ढकलगाडीवर आडवी करून दारापर्यंत आणली. घरी वर चढवताना परत चौघं आले. या वेळी कुणी हसलं नाही, ते आणखी वाईट होतं. पलंगावर ठेवल्यावर सगळे गेले आणि आई मला म्हणाली, "चेडवा, आता माका कोणी उचलूचा नाय. चौघांनी उचलूचा तां एकदाच, मेल्यावर."

तिला फार काही नको होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत, आणि परत येताना थोडा वेळ कठड्यापाशी. पलंगावरून खुर्चीत सरकणं तिला हातांच्या जोरावर जमणार होतं. तिच्या हातांत जोर होता, भाकऱ्या थापून आलेला. तोवर तिचं सगळं पलंगावरच चालायचं. ते मी करायचे आणि त्या वेळी ती तोंडावर पदर घ्यायची. कठड्यापाशी बसायचं ते तिला मोर्चे बघायला नव्हे. आपली खाणावळ बंद पडल्यावर आपले गडी कुणाकडे जेवायला जातात, ते तिला बघायचं होतं.

खुर्ची घ्यायची ठरली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला डॉक्टरी सामान विकणारं एक दुकान आहे, तिथे तयारही मिळते आणि करूनही देतात, असं बाबांना गिरणीतल्या कुणीतरी सांगितलं. आता प्रश्न मापाचा आला. आईच्या अंगाला फीत लावायची ही गोष्ट बाबांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, आणि आली असती तरी ती परक्या दुकानात जाऊन सांगायची कशी? रात्रपाळी करून आलेले बाबा सकाळी न झोपता बराच वेळ शेगडीकडे बघत बसले होते. मग एकदम उठले, भिंतीला टेकवलेला आईचा पाट त्यांनी काढला आणि धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळला.

"लगीन झाल्यापासून ती ह्याच्यार बसता," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा खरा माप खयचा?"

आम्हां सगळ्यांनाच ती युक्ती फार आवडली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, पुरुषमाणूस असून सुचलं हो. आईसुद्धा खूश झाली. मापाचं पोलकं शिंप्याकडे जातं तसा मापाचा पाट दुकानात निघाला होता.

मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, सुट्टी होती, म्हणून बरोबर गेले. ट्रॅममध्ये बाबांनी पाट मांडीवर उभा धरला होता. बाहेर भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या, काही पुसलेल्या, पुसलेल्यावर पुन्हा लिहिलेल्या. शहरातल्या गोळीबाराची आठवण अजून ताजी होती. बाबांच्या सदऱ्याला चळवळीचा बिल्ला होता. तो ते झोपतानाच काय तो काढायचे. दुकानाची फळी अर्धीच उघडी होती. आत गुजराती मालक एकटा बसला होता. आम्ही शिरलो तसा तो उभा राहिला, आणि त्याची नजर आधी बाबांच्या बिल्ल्यावर आणि मग त्या गुंडाळलेल्या फळकुटावर गेली. आम्ही काय घेऊन आलोय असं त्याला वाटलं असेल, ते मला समजलं आणि हसूही आलं.

बाबांनी फडकं सोडलं, पाट त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ह्या मापाची चाकांची खुर्ची पायजे. बाईमाणसासाठी."

मालकाने पाट बघितला, पितळी फुल्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "शेठ, असा माप नाय चालत. बाई बसेल ना, तवा अंग पसरते. घरातली कोण बाई फीत लावेल, मोठ्या जागेवर, कंबरेच्या खाली..."

"आमच्या बाईच्या अंगाचं माप आम्ही तुमच्या दुकानात सांगू?" बाबांचा आवाज चढला. "आमची बाई आहे, कापडाचा तागा नाही. पाट दिलाय ना? मग पाटाप्रमाणे करा."

मालकाने अर्ध्या उघड्या फळीतून रस्त्याकडे पाहिलं. त्या दिवसांत त्याच्यासारख्या दुकानदाराने बाबांसारख्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही असा रिवाजच पडला होता, आणि बाबांसारख्याने त्याचं ऐकायचं नाही असाही. एरवी त्या म्हाताऱ्याने अर्धा तास वाद घालून बाबांना पटवलं असतं. तेव्हा तो फक्त "जशी मर्जी" म्हणाला आणि फीत घेऊन पाट मोजायला लागला. मुंबई कुणाची हे त्या दुकानात ठरायचं नव्हतं. तिथे फक्त आईची खुर्ची ठरायची होती, आणि तीसुद्धा नीट ठरली नाही. मला त्याचा अजून संताप येतो. कुणावर तो काढावा हे मात्र कधी कळलं नाही.

खुर्ची आली तेव्हा सगळी चाळ बघायला लोटली. लोखंडी सांगाडा, वेताची बैठक, दोन मोठी चाकं आणि पुढे दोन लहान. उंबरठ्यावरून नेण्यासाठी बाबांनी उतरती फळी केली होती. दारातून खुर्ची अगदी घासून गेली, पण गेली. शेजारच्या मावशींनी आणि मी आईला पलंगाच्या कडेला आणलं. ती हातांवर जोर देऊन सरकली, आणि खुर्चीच्या दोन हातांमध्ये बसली. बसली म्हणजे शिरली. लोखंडी हातांनी तिला दोन्हीकडून आवळलं. तिने एकदा श्वास घेतला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरी आसा."

मग तिला परत पलंगावर घेताना खुर्ची तिच्याबरोबर उचलली गेली. आम्ही बायका हसून हसून पडलो. आईही हसली. "मी उठलंय तर हीपण उठता! लगनातली गाठ मारल्यानी काय रे देवा!" बाबा बाहेर उभे होते, त्यांना हसणं ऐकू आलं. ते आत येऊन विचारायला लागले, काय झालं, बरोबर आहे ना? आई लगेच म्हणाली, "बरोबर आसा ओ. पाटासारखी."

तो महिना आमच्या घरातला त्या वर्षांतला सगळ्यांत बरा महिना होता. शेजाऱ्यांनी गॅलरीतले आपापले कोळशाचे डबे, पिंप, पोरांच्या गाड्या आत घेतल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. पाळी सुटली की बाबा अंघोळ करून, सदरा घालून आईची खुर्ची ढकलत गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे. ती कठड्यापाशी बसायची आणि खाली जाणाऱ्या गड्यांना नावानिशी हाका मारायची, कुठे जेवलास, भात शिजला होता का, विचारायची. रस्त्यावरून मोर्चा गेला तर बाबा खाली पळायचे आणि आई वरून ओरडायची, "जपान जावा!" ती आता पलंगावर काही करत नव्हती. सकाळी मला उठवायची नाही, मावशींना हाक मारायची, आणि दोघी हळूहळू गॅलरीच्या टोकाला जायच्या. परत येताना तिचा चेहरा धुतल्यासारखा असायचा. तिला काही मिळालं होतं आणि ते ती सोडणार नव्हती.

एके दिवशी मी तिचं लुगडं बदलत होते. उजव्या कुशीवर तिला वळवलं तर लुगडं कातडीला चिकटलेलं. सोडवलं तेव्हा मांडीच्या वरच्या अंगाला, बरोबर खुर्चीच्या हाताच्या रेषेत, कातडी गेलेली होती. उजवीकडेही तसंच. जखम ओली होती आणि तिला वास यायला लागला होता. मी ओरडणार तोच तिने माझा हात घट्ट पकडला.

"तेंका सांगू नको," ती म्हणाली. "तेंनी एवढ्या हौशेन केल्यानी."

"आई, कधीपासून?"

"पयल्याच दिवसापासून," ती म्हणाली, जणू मी शेजारणीची बातमी विचारली होती. "पण जाऊक मिळता ना गो. थयसर जाऊक मिळता."

बाबांना सांगावं लागलंच. खुर्ची उचलून त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती भायखळ्याला भाजीबाजाराजवळच्या एका धर्मादाय दवाखान्याला देऊन आले. आई परत पलंगावर. दवाखान्यातून एक नर्स मलमपट्टीला यायला लागली. साखरेमुळे जखम भरायची नाही. एका बाजूने भरल्यासारखी दिसायची, की दुसऱ्या बाजूने फुटायची. आईच्या मनात एकच गोष्ट होती. नर्स आली की ती विचारायची, "दुसरी खुर्ची मोठी केली तर चलात मां?"

नर्स चांगली होती. ती म्हणाली, चालेल, पण माप नीट घ्या. बाईंना कठीण, सपाट जागेवर बसवा, जिथे अंग सर्वांत रुंद तिथे मोजा, आणि दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सोडा. गुडघ्यामागेही थोडी मोकळी जागा राहू दे, पाय लोंबता कामा नयेत. हे सगळं इतकं साधं होतं की मला रडू आलं. मी आईला पलंगाच्या कडेला, फळीवर बसवलं. दोन्ही बाजूंनी मोजायला काही तरी सरळ उभं हवं, म्हणून मी पंगतीचे दोन पाट उभे करून तिच्या दोन्ही अंगांना लावले आणि दोन पाटांमधलं अंतर सुतळीने धरलं. आई इतक्या दिवसांनी खरोखरची हसली. "आता अंतरपाट धर आणि भटाक बोलव," ती म्हणाली. "तुजो बापूस पण ह्यो बघ, दारात उभो आसा."

बाबा खरंच दारात उभे होते. या वेळी त्यांनी स्वतः सुतळी हातात घेतली. मग ते वळले आणि ती सुतळी त्यांनी दाराच्या चौकटीला लावली. दोन्ही चाकांची जाडी धरून हिशेब केला तर चौकट चार बोटं कमी पडत होती. म्हणजे आईच्या मापाची खुर्ची दारातून जाणार नव्हती, आणि दारातून जाणारी खुर्ची आईला कापून काढत होती.

चाळीचा मालक कधी कुणी बघितला नव्हता. भाडं वसूल करायला त्याचा मेहता यायचा. बाबांनी त्याला गाठलं. दाराची चौकट काढून थोडी रुंद बसवू, खर्च आमचा, एवढंच मागणं. मेहता म्हणाला, "होऊन जाईल, शेठना सांगतो." त्याच्या तोंडी भरवशावर खुर्ची सांगितली. ती यायला फार वेळ लागला. कधी बंद, कधी हरताळ, कधी लोखंड नाही. आई रोज विचारायची. मी रोज सांगायचे, उद्या-परवा येईल.

खुर्ची आली ती सुंदर होती. रुंद, खोल, हातांना गादी लावलेली. गुजराती म्हाताऱ्याने न सांगता गादी लावून दिली होती. आणि मेहता म्हणाला, शेठ नाही म्हणतात. चौकट काढली तर वरचा भार खाली येईल, आणि एका खोलीला परवानगी दिली की सगळे मागतील. बाबा त्याच्या पाठी पाठी जिना उतरून गेले, रस्त्यापर्यंत गेले. मी वरून बघत होते. बाबा हात जोडत होते.

चाळीतली तरुण मंडळी म्हणाली, काका, आम्ही पहार घेतो, एका फटक्यात चौकट बाहेर. बाबा नाही म्हणाले. परवानगीशिवाय चौकट हलवली तर मालक खोली खाली करून घेईल ही भीती त्यांच्या हाडात बसली होती. चळवळीत त्यांनी पाठीवर लाठी खाल्ली होती, तेव्हा ते डगमगले नव्हते. मेहत्याला मात्र ते घाबरले. मी त्यांना त्याबद्दल दोष देत नाही, लालबागमध्ये खोली गेलेलं माणूस कुठे जातं हे मलाही माहीत होतं. ते भोईवाड्याला कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका वकिलालाही विचारून आले. वकील म्हणाला, दावा लागेल, निकालही लागेल, पण तोवर बाईंना... आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही. बाबांनी ते घरी येऊन तसंच अर्धं सांगितलं.

खुर्चीचे सांधे एकजीव केलेले होते. ती सुटी करून आत आणता येण्यासारखी नव्हती, आणि आणून तरी काय, बाहेर जायलाही तेच दार होतं. म्हणून ती गॅलरीत, आमच्या दाराच्या अगदी समोर उभी राहिली. आई पलंगावरून तिच्याकडे बघायची. पाऊस आला की आम्ही तिच्यावर गोणपाट टाकायचो. पुढे पुढे मावशी तिच्यावर सांडगे वाळत घालायला लागल्या. आधी विचारून, मग न विचारता.

"चौघे दारातसून भायर काढतले, खुर्चेत बसवतले, काय हरकत आसा?" बाबा एकदा आईला समजावत होते. "सकाळी एकदा, सांजचा एकदा."

"नाय," आई म्हणाली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी संध्याकाळी चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. दारादारांत रांगोळ्या, पोरांच्या हातात पेढे. बाबांचे डोळे सकाळपासून ओले होते. मुंबई मिळाली होती. आईने स्वतःच आम्हांला खाली पिटाळलं. "जावा, मी निजतंय," असं म्हणाली. चौकात ढोल वाजत होते. थोड्या वेळाने मला राहवलं नाही आणि मी तिच्यासाठी पेढा घेऊन वर आले.

ती पलंगावर नव्हती. ती उंबरठ्यापाशी जमिनीवर होती, आपल्या फणसाच्या पाटावर. सगळी खाली गेलेली बघून ती पलंगावरून कशीबशी पाटावर उतरली होती आणि हातांनी जमीन रेटत, पाट सरकवत दारापर्यंत आली होती. पलंगापासून पाटाच्या मागे रक्ताचा ओला पट्टा होता. उंबरठा तिला ओलांडता आला नव्हता. एक हात लांब करून तिने खुर्चीची पाय ठेवायची पट्टी पकडली होती. खाली जयजयकार चालू होता, आणि ती ती पट्टी ओढत होती. खुर्ची पुढे येऊन चौकटीला लागत होती, पुन्हा मागे जात होती.

"आई!"

"जरा लोट गो हिका," ती मला म्हणाली. "जरासाच कमी पडता."

मी लोटली. मला माहीत होतं, तरी लोटली. मग मी तिच्याजवळ बसले आणि दोघी रडलो. तिला परत पलंगावर चढवणं माझ्या एकटीच्या हातचं नव्हतं. मी खाली जाऊन माणसं आणली. गुलाल लागलेल्या हातांनी चौघांनी तिला उचललं. तिने डोळे मिटून घेतले. त्या दिवसानंतर तिने खुर्चीचा विषय काढला नाही, आणि तोंड भिंतीकडे करून निजायला लागली.

जखमेचं विष अंगात भिनलं. आई पावसाळा सुरू असताना गेली.

तिला न्यायला गडी आले तेच होते, तिच्या पंगतीतले. तिला उचलून दारापर्यंत आणलं, आणि दारात अडलं. जिवंतपणी चादर आवळून तिला याच दारातून काढलं होतं, पण आता अंग ताठलं होतं, आवळता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी धरणारी माणसं चौकटीतून मावत नव्हती. कुणीतरी म्हणालं, कुशीवर वळवून काढू. कुणीतरी म्हणालं, नको, मेलेल्या माणसाची विटंबना नको. तिला पुन्हा जमिनीवर ठेवलं. मग कुणीतरी न विचारता पहार आणली. बाबांनी मान डोलावली. मेहताही आला होता. चाळीत मयत झालं की तो यायचा. तो गॅलरीत उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात चौकट निघाली, उंबरठ्यासकट. मी वर बघत होते. वरचा भार खाली आला नाही. थोडा चुना पडला, तोही लगेच झाडून घेतला.

तिला नेल्यावर घरात आम्ही बायका राहिलो आणि तिच्या जागी लावलेला दिवा राहिला. खुर्ची वाट अडवते म्हणून कुणीतरी गॅलरीच्या टोकाला, संडासापाशी नेऊन ठेवली होती. स्मशानातून बाबा आले, न्हाले, आणि ओल्या अंगानेच गॅलरीत गेले. ते कुठे गेले म्हणून मी उठले, तर ते खुर्ची ढकलत येत होते. दाराच्या जागी आता नुसतं खिंडार होतं. ते थांबले, खुर्ची सरळ केली आणि आत लोटली. ती कुठेही न घासता आत आली, पलंगाशेजारी येऊन उभी राहिली.

बाबा माझ्याकडे वळले.

"बघ गो," ते म्हणाले, "येता आत."